उतरवलेली दारं

"भंगारवाले इथेच ना?"

मी शिलाई मशीनवरून मान वर केली. बाहेर पावसाची रिपरिप चालू होती. समोर एक उंच माणूस उभा होता. काखेत गाडीचं अख्खं दार, आणि केसांतून पाणी निथळतंय.

"ते शेजारी. आम्ही गाड्यांची कव्हरं शिवतो," मी म्हणाले. मग राहवलंच नाही. "पण इतकं धडधाकट दार भंगारात?"

"चार आहेत. आणि टप, वरचं छत..." तो अडखळला. "डोंगरात न्यायची गाडी आहे. दारं, टप, सगळं काढता येतं तिचं. माझा धाकटा भाऊ दारं काढून गेला होता... वळणावर बाहेर फेकला गेला, जागीच संपला. ही दारं घरीच राहिली, भिंतीला टेकून. आईला आता बघवत नाहीत."

आतून बाबा म्हणाले, "मागच्या शेडमध्ये ठेवायला सांग त्यांना. भंगारात घातलेलं परत मिळत नाही."

मी प्रत्येक दाराला आतून मऊ अस्तराची पिशवी शिवली. दारं एकावर एक रचली की काचेला ओरखडे पडतात, रबर चेपतं. म्हणून ती उभीच ठेवली, फळ्यांच्या खाचांत. टप जमिनीवर टाकला तर वाकतो. तो रुंद पट्ट्यांनी तुळईला टांगला.

मग तो दर रविवारी 'बघायला' येऊ लागला.

"एवढं काय बघता? दारं काय पळून जाणारेत?"

"दारं कोण बघतंय..." तो पुटपुटला, आणि कान लालेलाल!

तो हॉस्पिटलात एक्स-रे काढायचा.

"म्हणजे माणसाच्या आतलं दिसतं तुम्हाला?"

"फक्त हाडं."

"मग काय उपयोग!"

तो हसला... आणि चोरी पकडल्यासारखा गप्प झाला. नेहमी असंच. हसू ओठांवर यायचं आणि तो ते गिळून टाकायचा. मला रात्रंदिवस तेच दिसायचं.

पाच महिन्यांनी तो गाडीच घेऊन आला. दुरुस्त झालेली, पण उघडी. "गिऱ्हाईक मिळालंय. पण आई म्हणते, विकण्याआधी एकदा बघू दे. दारांसकट."

आम्ही दोघांनी टप चढवला, तीन दारं बसवली. चौथं, ड्रायव्हरच्या बाजूचं, मी बिजागरीवर धरून उभी होते. तो बोल्ट हातात घेऊन नुसताच थांबला.

"त्या सकाळी तो म्हणाला होता, दादा, आभाळ आलंय, दारं बसवून दे ना. मी पेपर वाचत होतो. म्हटलं... आल्यावर बघू."

दाराचं सगळं वजन माझ्या हातांवर होतं. खांदे भरून आले, पण मी हलले नाही. हे तो पहिल्यांदाच कुणाला तरी सांगत होता.

"आईंना माहितेय?"

त्याने मान हलवली. नाही.

"बोल्ट घाला आधी. मग सांगायला जाऊ."

"जाऊ?"

"एकट्याने जमलं असतं, तर एव्हाना सांगितलं असतंत."

त्याच्या घरासमोर गाडी थांबली, तशा आई जिना उतरून खाली आल्या. प्रत्येक दारावरून त्यांनी तळहात फिरवला. मग त्याने सांगितलं, काही न लपवता, पेपरसकट. त्या रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्याच्याकडे एकदा पाहिलं, जिना चढून गेल्या, आणि वर कडी लागल्याचा आवाज आला.

तो जिन्याच्या पायरीवर बसला.

"तुम्ही जा," तो म्हणाला. "ती आज उघडणार नाही. उद्याही... काय माहीत. माझ्यापायी तुम्ही कशाला..."

पायरी अरुंद होती.

"सरक जरा," मी म्हणाले.

त्या 'सरक'ने दचकून त्याने वर पाहिलं. मी शेजारी बसले, त्याचा गार पडलेला हात हातात घेतला.

"तू थांबतोयस ना? मग मीही थांबते."