सतरा नंबरची कूस

ड्यूटी दोनची होती, पण वैजयंती दीडलाच घरून निघाली. वॉर्डातले कोरे चार्ट संपले होते, दवाखान्याच्या सर्टिफिकेटसाठी चार वाजता तपासणीची टीम येणार होती आणि झेरॉक्स काढून आणायचं काम अर्थातच तिच्याच गळ्यात पडलं होतं. मे महिन्यातलं बुऱ्हाणपूर. दुकानाचं शटर अर्धं खाली, आत पंकज पंख्याखाली पेंगत होता. त्याने गठ्ठा काढून दिला आणि म्हणाला, "ताई, हवा एकदम बंद आहे आज. आंधी आयेगी, देखना."

दवाखाना एका ट्रस्टचा. नाव सांगत नाही, माणसं अजून तिथंच नोकरीला आहेत. बायकांचा वॉर्ड, चाळीस खाटा आणि दुपारी सिस्टर एक. इंजेक्शनं तिनेच द्यायची, सलाईन तिनेच लावायची, भरतीचे कागद, कम्प्युटरवरच्या नोंदी, शिवाय "सिस्टर, पंखा फिरत नाही" हेही तिनेच ऐकायचं. मग सुटतं काय? ज्याची कुणी ओरड करत नाही ते. हलता न येणाऱ्या पेशंटची दर दोन तासांनी कूस बदलणं, तोंड पुसणं, घोटभर पाणी पाजणं.

पण चार्टवर चौकोन असतात आणि रिकामा चौकोन वरच्या मंडळींच्या डोळ्यात खुपतो. म्हणून तिथं एक रीत पडली होती. ड्यूटीवर आलं की पहिल्या दहा मिनिटांत दोनचा, चारचा, सहाचा, सगळे चौकोन एकदम भरून मोकळं व्हायचं. मेट्रन पूर्णिमा मॅडमनी ही रीत वैजयंतीला पहिल्याच दिवशी शिकवली होती. बाई वाईट नव्हत्या. तीस वर्षं एकटीने वॉर्ड ओढून दमल्या होत्या.

सतरा नंबरच्या खाटेवर गेल्या हिवाळ्यात दापोऱ्याची विमलबाई होती. पडून पडून तिच्या पाठीला जखम झाली आणि जखम हाडापर्यंत गेली. ती सारखी पुटपुटायची, "मले कड बदलून दे वं माय." वैजयंती म्हणायची, "आले हं आजी, पाच मिनिटांत." ती पाच मिनिटं कधी आलीच नाहीत. विमलबाई गेली तेव्हा तिच्या चार्टवर एकही चौकोन रिकामा नव्हता आणि अक्षर वैजयंतीचं होतं. तेव्हापासून ती सतराकडे सरळ बघत नसे.

आता तिथं धूलकोटची सोजरबाई होती. लकव्याने डावं अंग गेलेलं, वाचा गेलेली. मुलगा भाईदास काल संध्याकाळीच हात जोडून गेला होता. "सिस्टर, मायले सांभाळजा. वाऱ्याचा भरोसा नाही, केळीचे घड काढाले जातो."

दोन वाजून दहा मिनिटांनी वैजयंतीने सगळे चार्ट भरले. अडीचला सलाईन बदलायला सतराजवळ गेली, तर तिथला चार्ट कोरा. विसरले असेन, असं म्हणून तिने परत भरला. बाविसाव्या खाटेवरून येईतो पुन्हा कोरा. या वेळी तिने पेन दाबून दाबून लिहिलं, पाठ फिरवली, वळून पाहिलं. शाई नव्हतीच, कागदावर पेनाचा वळदेखील उमटलेला नव्हता.

"रंभाबाई, चार्टला हात कोण लावतंय?" तिने आयाला विचारलं.

रंभाबाई फरशी पुसता पुसता थांबली. "मी नाही जात सतराकडे, सिस्टर. सकाळपासून वास येतोय तिथं."

"कसला वास?"

"तोच... विमलबाईचा."

तीन वाजले आणि तापीकडून धूळ उठली. बघता बघता खिडक्या पिवळ्या झाल्या, मग तपकिरी, मग काळ्या. भर दुपारी वॉर्डात दिवेलागणीचा अंधार आला आणि त्यातच वीज गेली. पंखे थांबले. पंखे थांबल्यावर तो वास वैजयंतीलाही आला. गोडसर, कुजका, ओळखीचा.

फोन वाजला. पूर्णिमा मॅडम होत्या. "वैजयंती, टीम निघाली आहे. चार्ट कम्प्लीट पाहिजेत. आणि एक अॅडमिशन येतेय, खाली ये."

"आले, मॅडम, पाच मिनिटांत..."

हे शब्द तोंडातून निघाले आणि अंधारातून आवाज आला.

"मले... कड बदलून दे वं माय..."

सतराकडून. जिथल्या बाईला वाचाच नव्हती.

पळून जावं असं तिला वाटलं, अगदी मनापासून वाटलं. दार दहा पावलांवर होतं, खाली जायला निमित्तही होतं. पण ती पाच मिनिटं या वेळी द्यायचीच, असं तिने ठरवलं. मोबाईलचा उजेड पाडत ती सतराकडे धावली.

सोजरबाई उताणी पडली होती. उलटी झालेली, घशात अडकलेली. ओठ निळे, डोळे पांढरे. तिला साधं खोकताही येत नव्हतं. वैजयंतीने खांद्याखाली हात घातला. अंग धोंड्याइतकं जड. एकदा ओढलं, दोनदा ओढलं, हलेना. तिसऱ्यांदा पलीकडून कुणीतरी पाठीला हात लावला आणि अंग अलगद कुशीवर वळलं.

"धर, रंभाबाई, अशीच धरून ठेव," वैजयंती म्हणाली. तिने बोटाला फडकं गुंडाळून घसा साफ केला, पाठ थोपटली. क्षण, दोन क्षण काहीच नाही. मग सोजरबाईने मोठ्ठा श्वास घेतला आणि ओठांवर रंग परतला.

"सिस्टर," वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाकडून रंभाबाई म्हणाली, "मी इथं खिडकी धरून उभी आहे..."

खाटेपलीकडे कुणीच नव्हतं. वासही गेला होता.

वैजयंतीने पेन घेतलं. 'तीन वीस. डाव्या कुशीवर केलं.' तिने वळून पाहिलं, परत पाहिलं. शाई तशीच होती. मग तिला समजलं आणि हसूही आलं, रडूही आलं. तिने बाकीचे भरलेले चार्ट फाडले, पंकजच्या गठ्ठ्यातले उरलेले कोरे कागद काढले आणि जे झालं नव्हतं त्या प्रत्येक चौकोनात लिहिलं, 'झालं नाही. वॉर्डात एकटी आहे.'

टीम आली तेव्हा वीज परतली होती. टीमचे प्रमुख डॉक्टर लीलाधर चार्ट वाचत एकेका खाटेशी थांबत गेले. मागे ट्रस्टचे ललितसेठ घाम पुसत होते, पूर्णिमा मॅडम पांढऱ्याफटक पडल्या होत्या.

"हे काय लिहिलंत, सिस्टर?"

"खरं आहे ते, सर. चाळीस जणींना मी एक पुरत नाही. आजवर आम्ही पुरतो असं लिहीत आलो. त्यात एक बाई गेली, सर. तिचा चार्ट मी भरला होता."

ललितसेठ काही म्हणणार, तेवढ्यात पूर्णिमा मॅडम पुढे आल्या. "तिला मीच शिकवलं, सर. मला विचारा."

डॉक्टर लीलाधरांनी चार्ट मिटला. "दर पाळीला चार सिस्टर दिसल्याशिवाय सर्टिफिकेट मिळणार नाही, ललितजी."

आणि मिळाल्या. महिनाभरात दर पाळीला चार सिस्टर, दोन आया. सोजरबाई काठी टेकत घरी निघाली त्या दिवशी वॉर्डातल्या बायकांनी टाळ्या वाजवल्या आणि भाईदासने केळीचा अख्खा घड टेबलावर आणून ठेवला. वैजयंती त्या दिवशी पहिल्यांदा ड्यूटीवर बसून चहा प्यायली, गरम असताना.

सतराची खाट तेव्हापासून रिकामी आहे. काल नवीन सिस्टर मनीषा चादर बदलायला गेली आणि हात मागे घेऊन आली. "मॅडम, गादी एका बाजूने गरम आहे. उजवीकडून."

वैजयंतीने घड्याळ पाहिलं. चार वाजायला दोन मिनिटं होती. ती उठली, रिकाम्या खाटेपाशी गेली, उशी उचलून दुसऱ्या बाजूला लावली आणि चौकोनात वेळ लिहिली.

सहा वाजता गादी डावीकडून गरम होती.