रंगूला उठवायचं राहिलं

अलिबागच्या एका लहान रुग्णालयात मी भूलतज्ज्ञ आहे, आणि नागावला आमच्या आळीतल्या विठोबाच्या देवळात कीर्तन असलं की पहिल्या रांगेत असते. पेशंटला भूल देताना मी आकडे मोजायला लावत नाही. देवाची चोवीस नावं म्हणा, म्हणते. येत नसतील तर मी सांगत जाते. केशव, नारायण, माधव... बहुतेकांची जीभ गोविंदापाशी जड होते.

ओंकारबुवांना याचं फार कौतुक. दिवेआगरचे कीर्तनकार, वयानं माझ्याहून बरेच लहान, पेटीवर बायको अनुया. उत्सवाआधी दोघं चहाला आली तेव्हा बुवा म्हणाले, "प्रमोदिनीताई, यंदा उत्तररंगातल्या कथेला तुमचंच शास्त्र घेतो. क्लोरोफॉर्म नवा होता तेव्हाचा, आपल्या किनाऱ्यावरचा डॉक्टरकीचा विद्यार्थी."

"खरा कुणी होता का?"

"कीर्तनात सगळेच खरे," ते हसले.

मी माहिती दिली. रुमालाची घडी, तिच्यावर थेंब थेंब, गोडसर वास, विद्यार्थ्याची बोटं नाडीवर. "आणि बुवा, झोपवणं सोपं. उठवणं ही खरी विद्या."

"वा! हा दृष्टांत माझा झाला."

कीर्तन असं रंगलं की माझ्या डोळ्यांतलं पाणी खळेना. मचव्यातून मुंबईला गेलेला पोरगा. प्रेतं चिरतो म्हणून सुट्टीत घरी आल्यावर आई दारातच त्याच्या अंगावर घागर ओतते, ओटीवर वेगळं पान वाढते. मग धाकटी बहीण रंगू, तिच्या गुडघ्यावरची गाठ, आणि गोरा डॉक्टर म्हणतो, रुमाल तूच धर. बुवांनी चिपळ्या खाली ठेवल्या. कोवळ्या आवाजात रंगू नावं घेऊ लागली. केशव... नारायण... माधव... गोविंद...

पेटी थांबली. नासत आलेल्या चिकूसारखा गोड वास आला. नैवेद्याच्या ताटातला असेल, असं मला वाटलं.

आणि बुवा एकदम वाकले. पोटाशी हात धरून त्यांनी कशीबशी आरतीच सुरू केली.

आमच्याकडे कथा मंगल शेवटावाचून सोडत नाहीत. आरतीनंतर तबल्यावर गवसणी चढवताना अंबाजी म्हणाला, "बुवा, पोर निजलेलीच ऱ्हायली की! भाऊ आरतीला उठून गेला, व्हय?"

सगळे हसले. घाम पुसत बुवाही हसले. "उद्या उठवतो. कथेतली पोर, जाते कुठं?"

सकाळी अनुयानं त्यांना आमच्या रुग्णालयातच आणलं. जुना हर्निया अडकला होता. थांबण्यासारखं नव्हतं.

"पुढच्या महिन्यात बाळ येतंय, ताई," पोटावर हात ठेवून ती म्हणाली. "सांभाळून."

टेबलावर बुवांनी नावं घेतली आणि गोविंदाला झोपले. शस्त्रक्रिया उत्तम झाली. मी गॅस बंद केला, स्नायू सैल करणाऱ्या औषधाचा अंमल उतरवला, ते स्वतःचा श्वास घ्यायला लागल्यावर नळी काढली.

ते उठले नाहीत.

रक्तदाब ठीक, साखर ठीक, बाहुल्या ठीक. मी हाका मारल्या, छातीचं हाड मुठीनं रगडलं. कपाळावर आठीसुद्धा नाही. रिकव्हरीच्या खोलीत दोन खाटा आहेत. पलीकडची रिकामी होती, मधे पडदा. दुपारचं ऊन जाळीतून येत होतं आणि खोलीला चिकूचा वास येत होता. असा वास येणारं औषध आमच्याकडे नाही.

मी मुंबईला नेण्यासाठी गाडी सांगितली. अनुया आत आली, नवऱ्याच्या उशाशी उभी राहिली.

"ताई, काल तिला उठवायचं राहिलं."

"अनुया, कथा होती ती."

"मग सांगून टाका ना तिचा शेवट. कथाच तर आहे."

मी सांगितला नसता. पण तिनं बुवांची तुळशीची माळ माझ्या हातात ठेवली. मी बुवांच्या कानाशी वाकले. मला कीर्तनकारासारखं येत नाही; साधंच बोलले. रंगूची गाठ निघाली. भावानं रुमाल बाजूला केला, पांडुरंगाचं नाव घेतलं आणि तिच्या गालावर हात ठेवला. रंगू, ऊठ गं. झालं सगळं. पुढचं नाव घे. विष्णू...

बुवांचे ओठ हलले नाहीत.

"मधुसूदन," पडद्यापलीकडून कुणीतरी म्हणालं. कोवळा, झोपाळलेला आवाज.

अनुयानं माझा दंड घट्ट धरला.

"त्रिविक्रम," बुवा म्हणाले आणि त्यांनी डोळे उघडले.

पुढे रडणं, हसणं, गाडी परत पाठवणं. सिस्टर प्रणाली खोली आवरायला आली. पडदा सरकवून ती थांबली.

"मॅडम, या बेडवर कुणाला घेतलेलं?"

"कुणालाच नाही."

"चादर गरम हाय."

मी जवळ गेले. उशीच्या मधोमध खोबरेल तेलाचा ओला डाग होता, तेल लावून घातलेल्या वेणीचा पडतो तसा. आणि उशीत पडलेला खळगा आमच्या डोळ्यांदेखत हळूहळू वर येत होता.