उंबऱ्याखालचं भावंड

त्या बाळाला मारलं गेलं. कसं, ते कुठल्याही कागदावर नाही. मारणारा हात अजून रोज साबणानं धुतला जातो, आणि लोक अजून तो आदरानं कपाळाला लावतात.

बसा. दिवा थोडा इकडे सरकवा, सांगते.

आमच्या या बटाट्याच्या डोंगरावर दुपारी तीनलाच धुकं उतरतं. त्या दिवशी मात्र सकाळ स्वच्छ होती. आरोग्य केंद्रात मी एकटी नर्स, आणि दोन बाळंतिणी. रुमियातीला मुलगा झाला, खणखणीत रडला. पडद्यापलीकडे तुमिनीला मुलगी झाली. ती रडलीच नाही. दोघींमध्ये धावताना मी रुमियातीची वार कचऱ्याच्या बादलीत टाकली, आणि आमचा झाडूवाला सुकीर बादली मागच्या खड्ड्यात रिकामी करून वर चुना टाकून आला.

रुमियातीची सासू, म्बाह वागियेम, म्हणजे साऱ्या गावाची वागियेम आजी, मातीचं मडकं घेऊन दारात उभी होती.

"धाकटं द्या, बाई."

आमच्याकडे वार म्हणजे बाळाचं धाकटं भावंड. बापानं ती धुवायची, मीठ आणि सुई घालून मडक्यात ठेवायची, उंबऱ्याशी पुरायची. वर पस्तीस दिवस दिवा, त्याला अंधारात भीती वाटू नये म्हणून. हे ऐकतच मी मोठी झाले होते आणि नर्सिंग कॉलेजात यावर हसायला शिकले होते.

स्टीलच्या भांड्यात तुमिनीची वार होती. मी ती पिशवीत बांधून म्हातारीला दिली. मांसच ते, एक काय नि दुसरं काय.

संध्याकाळी तुमिनीनं विचारलं, "माझ्या पोरीचं भावंड कुठंय? तिच्या कबरीजवळ पुरते."

"नियमानं जाळलं," मी म्हणाले.

ती भिंतीकडे तोंड करून झोपली. नवरा मलेशियात मजुरीला. भांडायला तिच्या बाजूनं कुणी नव्हतं.

पाचव्या दिवशी रुमियातीकडे गेले. बाळाचं वजन चारशे ग्रॅमनी उतरलं होतं.

"दूध उतू जातंय, पण हा तोंड फिरवतो," रुमियाती म्हणाली. तिचा झगा छातीशी ओला होता.

"दाराकडे फिरवतो," म्बाह म्हणाली. "दिवाही टिकत नाही. वारा नसताना विझतो. नर्सबाई, तुम्ही शिकलेल्या. धाकट्याला कधी मोठ्याची ओळख पटत नाही, असं होतं का?"

"म्बाह, तेलात पाणी असेल."

"माझ्या तेलात? पन्नास वर्षं दिवे लावतेय मी. तुमचा जन्म झाला तेव्हा तुमच्या आईच्या दाराशीही मीच लावला होता."

मी बाळाला शहरातल्या इस्पितळात पाठवलं. तीन दिवसांनी ते परत आलं. रक्त चांगलं, छाती चांगली. फक्त पीत नव्हतं.

नवव्या दिवशी पुन्हा त्यांच्याकडे गेले, तर घरात कुणी नव्हतं. म्बाह बाळाला पाठुंगळी बांधून परसात फिरवत होती. धुकं उंबऱ्यापर्यंत आलं होतं. ओल्या मातीचा वास, आणि त्याखाली आणखी एक वास... बाळंतपणाच्या खोलीचा, ताजा, कोमट. दिवा विझलेला होता. मी पिशवीतून लाकडी नळी काढली, आईच्या पोटावर ठेवून गर्भाचे ठोके ऐकतात ती. का काढली, ते विचारू नका. गुडघ्यावर बसून तिचं रुंद तोंड मातीला लावलं आणि कान टेकला.

टक-टक-टक-टक.

घड्याळ लावून मोजले. मिनिटाला एकशेचाळीस. निरोगी गर्भाचे असतात तेवढे.

"सापडलं का काही?" मागे म्बाह उभी होती. तिच्या पाठीवर बाळ, डोळे उघडे, नजर जमिनीकडे.

तेव्हाच सांगायला हवं होतं. मडकं उकरा, तुमिनीला द्या, आणि त्या खड्ड्यातून तुमचं आणा. एवढंच. पण मी नर्स होऊन परत येण्याआधी या गावात दरवर्षी एखादी बाई घरातच रक्त जाऊन मरायची. दोन वर्षं दारोदार फिरून मी त्यांना केंद्रात आणलं होतं. हे कळलं असतं तर एकही बाई पुन्हा आली नसती. एका बाळाविरुद्ध गावातल्या सगळ्या पोटुश्या बाया, असा हिशोब मी तिथेच, गुडघ्यावर बसून केला. मला तो उदात्त वाटला.

"काही नाही, म्बाह," मी म्हणाले.

"बरं." तिनं बाळाला सावरलं. "तुम्ही म्हणता म्हणजे नसेल."

बाळ अकराव्या दिवशी गेलं. दफनानंतर म्बाहनं माझा हात धरून कपाळाला लावला. "तुम्ही खूप धावलात, बाई." मग तिनं उंबऱ्याशी बसून पुन्हा दिवा लावला. या वेळी ज्योत सरळ उभी राहिली, हललीसुद्धा नाही.

केंद्रात परतले तेव्हा तुमिनी मागच्या आवारात, खड्ड्याच्या कठड्याला टेकून बसली होती. झग्याची बटणं उघडी. मला पाहून तिनं ती सावकाश लावली आणि निघून गेली. सुकीर चुन्याची भरलेली बादली हातात घेऊन तसाच उभा होता.

"टाक ना," मी म्हणाले.

"नंतर टाकतो, बाई," तो हळूच म्हणाला. "आत्ताच पिऊन झोपलंय."