राजाच्या कपाळावरची नागीण

अल्ताफ धापा टाकत ओसरीवर आला, तेव्हा बिरू चहात बटर बुडवत होता. धोंडाक्का इंदापुरातल्या एकमेव खाजगी गुप्तहेर. बिरू त्यांचा मदतनीस, म्हणजे लूना चालवायची आणि नेमका चुकीच्या माणसावर संशय घ्यायचा.

"अक्का, नागीण चोरीला गेली!"

बिरूनं घाबरून पाय वर घेतले.

नागीण पितळेची होती. संध्याकाळी बारामतीच्या नाट्यस्पर्धेत इजिप्तच्या राजाचं नाटक होतं. पुस्तकातलं चित्र बघून अल्ताफनं मुकुट घडवला होता. कपाळावर फणा उभारलेली नागीण, फण्यावर निळ्या काचा. मुकुट वेळेत पोचला नाही, तर उद्यापासून माझ्या टायरच्या दुकानात बसायचं, असं त्याचा बाप इकबाल यानं बजावलं होतं.

अल्ताफच्या दुकानात मुकुटाचा जड पट्टा जागेवर होता. नागीण नव्हती, आणि धातू झाळून जोडायच्या दिव्याची, जाळ सोडणारी तोटीही गायब.

"नागीण पट्ट्याला झाळायची ऱ्हायली होती," अल्ताफ रडकुंडीला आला. "सकाळी जाळावर धरतो, असं काल साऱ्या गल्लीला सांगितलं."

समोर दत्तोबा लोहाराची भट्टी धडधडत होती. "मला पितळ काय करायचंय?" घण न थांबवता तो म्हणाला.

राजाचं काम करणारा राम सुरीनं काकडी चिरत बसला होता. "मुकुट कपाळाला टोचतो, पन चोरीन कशाला?"

शेजारच्या सिंधुबाईंनी बिरूच्या हातात अख्खी काकडी ठेवली.

"चिरून द्या की, काकू."

"आज अशीच खा, बाबा."

बाहेर येताच बिरू कुजबुजला, "अक्का, रामच. सुरी होती हातात."

"बिरू, तू काकडीच खा." धोंडाक्कांनी सगळ्यांना दुकानात बोलावलं.

"पितळेचा चोर जड पट्टा नेईल. नाटकाचा वैरी सगळा मुकुट नेईल. ह्यानं नागिणीबरोबर तोटी नेली. म्हंजी चोरी न्हायच. नागिणीला जाळ लागू नये, एवढंच हवं होतं. आज नागपंचमी. आज चिरायचं न्हाय, भाजायचं न्हाय. दत्तोबाची भट्टी पेटलेली, रामच्या हातात सुरी. आजचा दिवस पाळतंय कोन? अख्खी काकडी देनारी."

सिंधुबाईंनी पदराखालून नागीण काढली. तिला हळदकुंकू लावलेलं होतं.

"परक्या देशाची असली म्हनून काय झालं? आज तिला जाळावर धरली, तर ह्या पोराच्या हातांना काय झालं असतं? त्याचं सारं हातावरच हाय."

अल्ताफला रागवावं की पाया पडावं कळेना. शेवटी त्यानं तांब्याची तार काढली, सिंधुबाईंनी नागीण धरली, आणि विस्तवाशिवाय ती मुकुटावर घट्ट बसली.

संध्याकाळी राम रंगमंचावर आला आणि कपाळावरची नागीण बघून बायकांनी हात जोडले. शेवटच्या अंकात राजा मरायचा होता. बायकांनी मरू दिला नाही. नाटक तिथंच बंद पडलं, बक्षीस हुकलं.

मागच्या रांगेत कुणीतरी विचारलं, "मुकुट कुनी घडवला?"

इकबाल उभाच राहिला. "आमच्या अल्ताफनं," तो म्हणाला, आणि सभागृह रिकामं होईपर्यंत दारात उभा राहून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगत राहिला.