रात्र उजळू नका

"अहो, माझी रात्र कुठे गेली?"

स्पृहाने मान वर केली. बुधवार पेठेतल्या त्या फोटोच्या दुकानात लोक छत्र्या विसरत, चष्मे विसरत. रात्र हरवलेलं हे पहिलंच गिऱ्हाईक.

दिग्विजय नौदलात फोटोग्राफर. विमानवाहू जहाजाच्या डेकवर उभं राहून रात्रीची उड्डाणं टिपायची, हे त्याचं काम. त्यातला एक फोटो, रीतसर परवानगी काढून, त्याने आईसाठी मोठा करायला दिला होता. आणि स्पृहाने लग्नाच्या मुलींचे चेहरे उजळवतात तसा अख्खा समुद्र उजळवून टाकला होता!

"इतका अंधार… मला वाटलं, फोटो बिघडलाय."

"तिथे फ्लॅश चालत नाही. वैमानिकाचे डोळे दिपतात. आपण नुसतं अंधारात उभं राहायचं… डोळे सरावले की सगळं दिसतं."

"सगळं म्हणजे?"

"विमानामागची निळी आग. दिवे हलवून खुणा करणारा माणूस. आणि… तुमच्या केसांत अडकलेली दूर्वा."

रोज बाप्पाला दूर्वा वाहूनच ती दुकानात यायची. तिने काडी काढली. टाकवेना, म्हणून मुठीतच धरली.

दुसऱ्या दिवशी रात्र परत आली, काळीशार. तो म्हणाला, "अजून जरा गडद." तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी स्पृहा शांतपणे म्हणाली, "कालचीच प्रत आहे ही. परवाचीही हीच होती."

"माहितीये," तो हसला. "उद्या जहाजावर परत जायचंय… म्हणून आज शेवटची तक्रार."

तेवढ्यात त्याची नजर काउंटरवरच्या दुसऱ्या फोटोवर गेली. "ही कोण?"

"मीच. आज हा फोटो साताऱ्याच्या स्थळाकडे जायचाय. आमच्या मालकांनी, बापूरावांनी उजळवलाय."

"हिला मी नाही ओळखत," तो हळूच म्हणाला. "मी एक काढू? फ्लॅशशिवाय?"

स्पृहाने स्वतःच ट्यूब बंद केली. दारातून येईल तेवढाच उजेड. ती हलली नाही… त्याने बटण दाबलं. मग त्याने कॅमेरा तिच्यापुढे धरला. सावळी, ठाम, कपाळावर कुंकू. तीच.

"हा… कुठे पाठवायचा?" त्याने विचारलं.

स्पृहाने साताऱ्याचा फोटो खणात सारला. त्याची रात्र नीट गुंडाळून त्याच्या हाती दिली.

"तुमच्या आईंना. दोन्ही एकदमच दाखवा," ती म्हणाली, "आणि सांगा, उजळवलेलं यात काहीच नाही."