काचेमागची मारित

झोप येत नाही ना? मग ऐका. आपल्या द्रामेन गावातलीच गोष्ट, अठराशे पंच्याऐंशीच्या हिवाळ्यातली. तोर्गेर हमालानं मला स्वतः सांगितली. पिऊनसुद्धा खोटं न बोलणारा माणूस तो.

त्या वर्षी चित्रकारांना आजारी मुलींचं खूळ लागलं होतं. ज्याला त्याला उशीला टेकलेली, मरणाला टेकलेली एक पोर हवी. कशाला? तर शेठलोकांच्या दिवाणखान्यात टांगायला. सेवेरिन होल्ट हा त्यातलाच एक दीडशहाणा. गुरी धोबिणीची पोरगी मारित खोकत होती. "खोली गरम ठेवीन, रोज सूप देईन," म्हणून तिला घेऊन गेला. शेगडी मात्र पेटवलीच नाही. शेकल्यावर गालांवर लाली येते म्हणे, चित्र बिघडतं. पोर गेली. याचं चित्र तेवढं पुरं झालं.

गुरी त्याच्या दारात गेली. "साहेब, एकदा तिचं तोंड बघू द्या. माझ्याकडे तिचं काहीच उरलं नाही हो."

"रडून काच खराब करशील, बाई. गिऱ्हाईक ठरलंय."

हा कलावंत! थुंकायच्या लायकीचा नाही.

लुसीची रात्र होती, तेरा डिसेंबर, भुतंखेतं बाहेर पडतात म्हणे ती. चित्र गोणपाटात बांधून तोर्गेर घसरगाडी ओढत लाकडाच्या व्यापाऱ्याकडे निघाला. नदीकाठचा रस्ता, सगळीकडे बर्फ. चिटपाखरू नाही.

पुलापाशी कुणीतरी खोकलं.

तो थांबला. मागे कुणी नाही.

पुन्हा... गोणपाटातून.

समोरच गुरीचं घर. दार उघडं. ती उंबऱ्यात उभी.

"आत आण तिला," ती म्हणाली. "केव्हाची ऐकतेय मी."

तिनं चित्र मांडीवर घेतलं. शेगडीपाशी बसली. तोर्गेर टोपी हातात धरून उभा. खोकला हळूहळू थांबला...

उजाडल्यावर त्यानं चित्र पोचवलं. दुपारी होल्ट व्यापाऱ्याच्या दिवाणखान्यात वाहवा ऐकायला आला, छाती फुगवून. तर काचेवर वाफ. बरोबर मुलीच्या ओठांसमोर. त्यानं रुमालानं पुसली. जाईना. वाफ आतून होती.

"ओल धरली असेल," म्हणाला. चौकट उघडली, काच कोरडी केली, पुन्हा बसवली. सगळे बघत होते.

वाफ आली... विरली.

पुन्हा आली.