धुतलेला म्हातारा

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मी तिथे होते, माझी मैत्रीण अलकाही होती, आणि आम्ही दोघी पूर्ण शुद्धीत होतो.

नोव्हेंबर १९७१. शुक्रवार. इंग्लंडमधलं मेडनहेड.

रात्रबित्र नव्हती हं... दुपारच होती. पण नोव्हेंबरात तिकडे दुपार नावालाच असते.

मी बेला. मूळची मुंबईची, बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारी ज्यू. नदीकाठच्या एका छोट्या कार्टून स्टुडिओत मी आणि अलका रंगकाम करायचो. पारदर्शक शीटवर पुढून रेघ, मागून रंग. अशा शेकडो शीट एकामागून एक कॅमेऱ्याखाली ठेवल्या की चित्रातला माणूस चालायला लागतो. शूटिंग झालं की शीट धुवायच्या आणि परत वापरायच्या.

आमचा डायरेक्टर दिनको लुक्शिच. क्रोएशियाचा, झाग्रेबहून आलेला. तिकडे त्याच्या कार्टून फिल्म्सना बक्षिसांवर बक्षिसं मिळाली होती. मग एक फिल्म तिकडच्या सरकारी साहेबांना झोंबली आणि काम बंद पडलं. लंडनला येऊन तो कस्टर्ड पावडरच्या जाहिराती करत बसला.

आता इतक्या वर्षांनी त्याला स्वतःची फिल्म मिळाली होती. एक म्हातारा समुद्रावरून दगडी पायऱ्या चढत घरी जातो, एवढीच गोष्ट. ती आवडली तर पुढची मोठी फिल्म मिळणार होती. नाही आवडली तर परत कस्टर्ड.

त्या दुपारी दिनको बाहेर गेला होता. खाली आम्ही दोघीच.

आणि वर सिंकमध्ये पाणी वाहायला लागलं...

मग ओली काच बोटाने घासल्यासारखा आवाज... थांबून थांबून.

"अलका, वर कोण आहे गं?"

"कोण असणार? तूच टॅप ओपन ठेवला असशील. धांदरट कुठली!"

आम्ही वर गेलो. आवाज थांबला.

नळ घट्ट बंद होता. खोलीत कोणी नव्हतं. पण सिंकमध्ये निळं पाणी साचलं होतं... म्हाताऱ्याच्या कोटाचा निळा.

शेजारच्या दोरीवर शेवटच्या सीनच्या शीट टांगलेल्या. ओल्या. कोऱ्या.

म्हातारा कुठेच नव्हता.

अलकाचा चेहरा पांढराफटक पडला. "बेला... तू बाय मिस्टेक हाच गठ्ठा धुतलास का? शूटिंगच्या आधी?"

आमच्या कामात याहून मोठी चूक नाही. मला असा राग आला! "सकाळपासून तुझ्या डोळ्यांसमोर बसलेय ना मी? हात बघ माझे, ड्राय आहेत!"

तेवढ्यात दिनको आला. म्हटलं, गेली आपली नोकरी. पण तो ओरडलाच नाही. दारातच थांबला आणि त्याने हवेत वास घेतला.

"पाण्यात व्हिनेगर कोणी घातलं?"

मग आम्हालाही तो वास आला... आंबूस, नाकात चढणारा. आम्ही नुसता साबण वापरायचो. स्टुडिओत व्हिनेगरची बाटलीच नव्हती.

दिनको सिंककडे चालत गेला. "शीट धुताना मारिया घालायची. माझी बायको."

ती झाग्रेबला वारली होती. हा तेव्हा लंडनमध्ये. एवढंच आम्हाला माहीत होतं.

"हा म्हातारा तिनेच काढलाय," तो म्हणाला. "मी तिची जुनी चित्रं नुसती गिरवली. आधीच्या सगळ्या फिल्म्समधली माणसंही तिनेच काढली. लोकांना वाटलं माझी आहेत. मी वाटू दिलं."

मला मेलीला गप्प बसवेना. "मग आता तरी तिचं नाव घाला."

त्याने होकारार्थी मान हलवली. मी तिथल्या तिथे नावांची शीट रंगवली. दिग्दर्शन, दिनको. चित्रं, मारिया. पांढरी सुबक अक्षरं काढली.

बाहेर बघते तर अंधार! शब्बाथ, आम्हा ज्यूंचा विश्रांतीचा दिवस, सुरू झाला होता. मी धावतच घर गाठलं. शब्बाथचा दिवा घरच्या बाईने अंधाराआधी लावायचा असतो; तो माझ्या नवऱ्याने, निसीमने लावला होता. मला बघून त्याने तोंड फिरवलं.

सोमवारी गेले, तर अलका आणि दिनकोने म्हातारा पुन्हा रंगवला होता. शूटिंगही उरकलं होतं. मी नावांची शीट उचलली.

मारियाचं नाव पुसलेलं होतं...

मी शीट नाकाशी नेली. या वेळी व्हिनेगरचा वास नव्हता. आणि दिनकोच्या बाहीवर पांढरा रंग होता.

"समजून घे, बेला," तो खाली बघत म्हणाला. "चित्रं माझी नाहीत हे कळलं, तर ते पुढची फिल्म देणार नाहीत."

मला त्याची दयाही आली आणि चीडही आली.

पुढच्या आठवड्यात लंडनला फिल्म दाखवली. छोटंसं थिएटर, पुढे पैसे देणारे साहेब, मागे आम्ही. म्हातारा पायऱ्या चढून घरी पोचला आणि मला रडू फुटलं. इतकं सुंदर झालं होतं.

दिवे लागायच्या आधीच एका साहेबाने विचारलं, "चित्रं तुमचीच ना?"

"हो," दिनको म्हणाला. "माझीच."

"मारियाची."

बाईचा आवाज. स्वच्छ, सगळ्यांना ऐकू जाईल असा...

मी तोंडावर हात दाबला. बोलून गेले होते मी!

दिनकोने वळून पाहिलं. माझ्याकडे नाही... माझ्या मागच्या रिकाम्या रांगेकडे.

"मारिया कोण?" साहेबाने विचारलं. आणि दिनकोने त्या रांगेवरची नजर न काढता, सगळं सांगून टाकलं.

मोठी फिल्म मिळाली नाही. तो परत जाहिराती करायला लागला. स्वतःची फिल्म त्याने पुन्हा कधीच केली नाही.

त्या दिवशी परतताना ट्रेनमध्ये मी ढसाढसा रडले. "अलका, मी वाटोळं केलं गं त्या माणसाचं. काय गरज होती मला बोलायची?"

अलकाने माझ्याकडे वळून पाहिलं. मग तिने माझा हात घट्ट धरला.

"बेला, तू काहीच बोलली नाहीस. मी तुझ्याकडेच बघत होते... तुझे लिप्स हललेसुद्धा नाहीत."

ते नाव घ्यायचं माझ्या मनात होतं, हे मी नाकारत नाही. अगदी ओठांवर आलं होतं. पण माझ्या आधी ते कोणी घेतलं, हे मला आजही कळलेलं नाही.